अंबाबाईच्या हातातलं महाळुंग आमच्या दारात

कोल्हापुरात राहून अंबाबाईचं दर्शन किती वेळा घेतलं त्याचा हिशोब नाही, पण देवीच्या खालच्या उजव्या हातात काय आहे हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. साडी, दागिने, हार यांत मूळ मूर्तीचे हात नीट दिसतच नाहीत. एकदा मंदिराजवळच्या दुकानात मूळ मूर्तीचा मोठा फोटो पाहिला, गदा ओळखली, ढाल ओळखली, पानपात्र ओळखलं आणि ते फळ काही ओळखेना. शेजारच्या काकू म्हणाल्या बेलफळ असेल, मी म्हटलं लिंबू असेल, तर मागनं आई म्हणाली, "अगं लिंबू कुठलं, महाळुंग ते. तुझ्या आजीच्या विहिरीवर होतं की झाड, विसरलीस?"

विसरले नव्हते, नाव विसरले होते. आजोळ कुडाळजवळ, परसात विहीर, विहिरीच्या सांडपाण्यावर एक बुटकं पसरट काटेरी झाड आणि त्याला लटकलेली ही एवढाली पिवळी फळं, भोपळ्यासारखी जड. लहानपणी मी एक फळ चोरून कापलं होतं, म्हटलं एवढं मोठं लिंबू म्हणजे बादलीभर सरबत होईल, आणि आत बघते तर सगळा पांढरा गर आणि मधोमध कागदी लिंबाएवढा आंबट भाग, तो पण बियांनीच भरलेला. आजी रागावली नाही. म्हणाली, "गो बाय, ह्येका रस नसता, ह्येची सालच खावची." आणि त्या पांढऱ्या गराची एक पातळ चकती मीठ लावून हातावर ठेवली. काकडीसारखी कुरकुरीत, जराशी गोड, वास मात्र लिंबाचा, फुलांचा, सगळाच मिसळलेला.

आजी गेली, घर नवीन बांधलं, विहीर बुजवली नाही पण तिच्याकडेला गाडी लावायला जागा केली आणि त्यात झाड गेलं. कुणी मुद्दाम वाईट वागलं असं नाही, काटे आहेत, रस नाही, बाजारात किंमत नाही, मग ठेवायचं कशाला असा सरळ विचार. मला वाटतं महाळुंगाची बहुतेक झाडं अशीच गेली. म्हणून ठरवलं की आपण लावायचं. पन्हाळ्याच्या बाजूला आमची पंधरा गुंठे जागा आहे, तांबडी माती, निचरा बरा, पाणी आहे. हे 2015 सालचं. फळ हातात यायला 2022 उजाडलं, त्या सात वर्षांत काय काय झालं ते लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत मला सगळीकडे आयुर्वेदिक फायदे वाचायला मिळाले, झाड जगवायचं कसं ते कुणीच सांगत नव्हतं.

पहिली तीन वर्षं तर चुकीच्या झाडामागे गेली. एका नर्सरीत विचारलं महाळुंग आहे का, आहे म्हणाले, मोठ्या लिंबाचं रोप दिलं, मी आनंदानं घेऊन आले. झाड छान वाढलं, 2018 ला फळं धरली, मोठी होती पण कापलं तर आत रसच रस आणि साल जेमतेम अर्धा सेंटीमीटर. ते इडलिंबू निघालं. लोणचं त्याचं सुंदर होतं, झाड अजून आहे आमच्याकडे, पण महाळुंग ते नव्हे. आपल्याकडे मोठं दिसलं की इडलिंबू, गळलिंबू, महाळुंग, तोरंजन ही नावं कोण कशाला लावेल याचा नेम नाही, त्यामुळे नावावर विश्वास ठेवून रोप घेऊ नका.

मग ओळखायचं कसं, तर पानावरून, फळाची वाट बघायची गरजच नाही. संत्र्याचं, मोसंबीचं किंवा ईडलिंबाचं पान हातात घेऊन बघा, पानाचा देठ जिथे पानाला मिळतो तिथे एक सांधा असतो, वाकवलं की तिथेच कट्‌कन तुटतं, आणि बऱ्याच जातींत देठाला दोन्ही बाजूंनी बारीक पंख असतात, पपनसाला तर इतके मोठे की पानावर पान बसवल्यासारखं वाटतं. महाळुंगाच्या पानाला पंख नाहीत आणि तो सांधाही नाही, देठ सरळ पानाच्या मधल्या शिरेत शिरतो. पान लांबट, टोकाशी बोथट, कडेला बारीक दाते. कोवळी पालवी जांभळट, कळ्यांना पण बाहेरून जांभळी झाक. हे मला पहिल्या दिवशी माहीत असतं तर नर्सरीच्या दारातच कळलं असतं आणि तीन वर्षं वाचली असती.

खरं झाड मिळालं ते आजऱ्याकडे. मिस्टरांच्या ऑफिसातल्या एकांच्या गावी, त्यांच्या चुलत आजोबांच्या मळ्यात. फोटो मागवला, पान वाकवून बघायला सांगितलं, सांधा नाही म्हटल्यावर पुढच्याच रविवारी गाडी काढली. आजोबा ऐंशीच्या पुढचे. झाड बांधावर, आठ-नऊ फूट उंच आणि तेवढंच रुंद, फांद्या जमिनीपर्यंत टेकलेल्या, प्रत्येक पानाच्या बगलेत इंचभर काटा. आजोबा म्हणाले, "पोरी, लोकं इचारत्यात ह्यात रस न्हाई तर ठेवलंय कशाला. आमच्या आयनं लावलंय, म्हणून हाय." मला पुढे काही बोलताच आलं नाही. त्यांनी स्वतः विळ्यानं काड्या काढून दिल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळल्या.

तो जुलै महिना होता आणि काड्या लावायला तो उत्तमच. महाळुंगाची एक चांगली गोष्ट म्हणजे लिंबूवर्गातल्या बाकीच्यांच्या मानानं याची काडी पटकन मूळ धरते. पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना एकदम जून अशी फांदी घ्यायची, सहा ते आठ इंचाचे तुकडे, खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली तिरका, वरची दोन पानं ठेवायची ती पण अर्धी कापून, बाकी पानं आणि काटे काढून टाकायचे. वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं, पिशवीला भोकं भरपूर, दोन डोळे मातीत, वरून प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालून सावलीत ठेवायचं. मी बारा लावल्या. पाच काळ्या पडल्या, सात जगल्या. दीड महिन्यानं एक काडी हलकेच ओढून बघितली तर हाताला अडकली, आतून धरून ठेवल्यासारखी, तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. (ओढून बघू नका खरं तर, नवी मुळं काचेसारखी असतात, मला राहवलं नाही.)

गुटी पण बांधता येते. फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधून वरून प्लॅस्टिक घट्ट, पावसाळ्यात दोन महिन्यांत मुळं दिसतात. पुढे मी स्वतःच्या झाडावर गुटीच बांधली, रोप मोठं मिळतं. बियांपासूनही झाड होतं आणि बहुतेक आईसारखंच निघतं कारण महाळुंग स्वतःच्याच परागावर फळतं, पण फळाला वर्षं जास्त लागतात.

डोळा भरून कलम करायचं का असं पण एकांनी विचारलं होतं, जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळं तिची आणि वरचं झाड महाळुंगाचं. मी नाही केलं, दुसऱ्या खुंटावर चढवावं असं मनातच आलं नाही. कलम न करण्याचं एक कारण पुढे वाचनात आलं आणि फार आवडलं. ज्यू लोकांच्या सुक्कोथ सणात हेच फळ लागतं, त्याला ते एत्रोग म्हणतात, आणि धर्मनियमाप्रमाणे ते कलमी झाडाचं चालत नाही, स्वतःच्या मुळावरच्या झाडाचंच हवं. इटलीच्या दक्षिणेला कालाब्रिया भागात समुद्रकाठी याच्या बागा आहेत, तिथे उन्हाळ्यात रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, स्वतः येऊन झाडाचा बुंधा तपासतात, कलमाचा सांधा नाही ना ते बघतात आणि मग एकेक फळ निवडतात, डाग नको, आकार नीट हवा. आपल्याकडे देवीच्या हातात, त्यांच्याकडे सणाला भक्ताच्या हातात. वाचून अंगावर काटा आला.

आणि जंबेरीचं म्हणाल तर ती तर महाळुंगाचीच लेक. आपला नागपुरी संत्रा ज्या जंबेरीच्या खुंटावर उभा असतो ती जंबेरी, आणि रंगपूर लिंबू सुद्धा, संत्रा गटातली आई आणि महाळुंग बाप अशा संकरातनं झालेत हे आता जनुकं तपासून नक्की झालंय. आपलं रोजचं कागदी लिंबू पण महाळुंगाचंच पोर, आणि ते परदेशी पिवळं लेमन पण. लिंबूवर्गात मूळची जुनी मंडळी मोजकीच, महाळुंग, पपनस, संत्रा अशी, बाकी बरीचशी यांच्या संकरातली. म्हणजे ज्याला रस नाही म्हणून आपण तोडलं त्याच्यामुळे आपल्या वरणभातावर लिंबू आहे. आजोबांना हे मी फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "मग आयनं बरुबर लावलं म्हनायचं."

लागवडीत मात्र माझ्या हातनं चूक झाली. जून 2019 मध्ये तीन रोपं रानात लावली, दोन फूट बाय दोन फूट खड्डे, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, सगळं पुस्तकाप्रमाणे, पण लावली सपाटीला, आणि पाणी द्यायला सोपं म्हणून आळं खोलगट केलं. त्या ऑगस्टचा पाऊस कोल्हापूरकर विसरणार नाहीत. आम्हाला पुराचं पाणी लागलं नाही, आम्ही उंचावर, पण पाऊस इतके दिवस थांबलाच नाही की आळ्यात पाणी साचून राहिलं. रस्ते बंद, पंधरा-वीस दिवस रानात जाताच आलं नाही. गेलो तेव्हा दोन रोपांची पानं पिवळी होऊन खाली लोंबत होती, बुंध्याशी नख लावलं तर साल सुटून आली आणि आत तपकिरी, कुजलेला वास. मूळकूज. लिंबूवर्गाला पाणी हवं पण मुळाशी साचलेलं अजिबात चालत नाही, त्यात जमिनीतली बुरशी बुंध्याला धरते, पुढे साल फुटून डिंक यायला लागतो, त्यालाच डिंक्या म्हणतात. तिसरं रोप उताराला होतं म्हणून वाचलं.

कुंडीत चार रोपं राखून ठेवली होती हे नशीब. पुढच्या वर्षी दीड फूट उंच मातीचे गादीवाफे केले, रोप त्याच्या माथ्यावर, बुंध्याला माती चिकटू द्यायची नाही, पाणी बुंध्यापासून हातभर लांब ड्रिपनं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला दोन फुटापर्यंत बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे प्रमाण, आम्हाला अर्थात थोडीच लागते, शंभर ग्रॅमची करतो. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं आणि प्लॅस्टिकच्या बादलीतच, लोखंडाच्या नको. 2021 च्या जुलैत परत तसाच पाऊस आला, परत पूर आला, आणि आमची पाचही झाडं उभी राहिली.

किडीचं सांगायचं तर नागअळी येतेच, कोवळ्या पानात चांदीसारखी वेडीवाकडी रेघ ओढत जाते आणि पान वळतं, त्याला पालवी फुटली की निंबोळी अर्क. पण मला जास्त गुंतवून ठेवलं ते लिंबावरच्या फुलपाखराच्या अळीनं. पहिल्यांदा मला वाटलं पानावर चिमणीनं घाण केलीय. काळपट, पांढरा डाग, ओली चमक. तीच अळी. आठवड्याभरात ती हिरवीगार आणि बोटाएवढी होते, आणि तिला काडीनं हात लावला की डोक्यामागनं नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते, मऊ, ओली, आणि एकदम कुजक्या संत्र्यासारखा उग्र वास सुटतो. लहान रोपावर अशा चार अळ्या असल्या तर दोन दिवसांत काड्या शिल्लक राहतात. मी औषध मारलं नाही, सकाळी चहाच्या आधी एक फेरी मारायची, अळ्या पानासकट उचलायच्या आणि बांधावरच्या बेलावर सोडायच्या, तिथे पण त्या जगतात. झाड मोठं झालं की मग दहा-वीस अळ्यांनी त्याला काही होत नाही.

2021 च्या फेब्रुवारीत पहिली फुलं आली. झाडाखाली उभं राहिलं की वास येतोच, पण संध्याकाळी तो घरापर्यंत यायचा. सगळी गळून गेली. मी घाबरले, खत कमी पडलं का, पाणी कमी पडलं का, मग एकेक फूल उघडून बघितलं तर बहुतेकांत मधला हिरवा दांडा, ज्याचं फळ होतं तो भाग, नव्हताच किंवा खुरटा होता, नुसते पुंकेसर. महाळुंगाला अशी नरफुलं बरीच येतात, ती गळायचीच, त्यात घाबरायचं काही नाही. झाड वर्षातून दोन-तीनदा फुलतं. आम्ही संत्र्यासारखा ताण वगैरे देत नाही, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडत नाही, पण आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची फळं राखतो, ती पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिवळी होतात. पावसात फुललेली फळं आमच्याकडे टिकली नाहीत.

2022 ला दोन फळं धरली. सप्टेंबरमध्ये एकाला टाचणीएवढं भोक, भोवती तपकिरी गोल, आणि आठ दिवसांत फळ खाली. हे रात्री येणाऱ्या पतंगाचं काम, तो सोंड खुपसून रस शोषतो, संत्रावाल्यांना हा चांगला माहीत आहे. दुसऱ्या फळाला मी जुन्या सुती ओढणीची पिशवी शिवून बांधली. फांदी पण वाकायला लागली होती, फळाचं वजन तिला पेलवत नाही, म्हणून बांबूची दुबेळकी खाली लावली, कारण फळ मातीला टेकलं की डाग पडून सडतं. दिवाळीनंतर ते काढलं. नऊशे ग्रॅम. साल उंचसखल, वळकट्यांची, देठाकडे खोल आणि टोकाला स्तनासारखा उंचवटा. कापलं नाही. ओटीच्या ताटात नारळ, खण, तांदूळ आणि ते फळ ठेवून अंबाबाईला नेलं. रांगेत मागच्या बाईनं विचारलं हे काय, सांगितलं की देवीच्या हातात हेच आहे, तर तिनं ताटाला हात लावून नमस्कार केला, मग तिच्या मागच्या दोघींनी पण केला.

दुर्गासप्तशतीला जोडून म्हणतात त्या प्राधानिक रहस्यात देवीच्या हातातल्या वस्तू सांगताना मातुलुंग हे नाव सगळ्यात आधी येतं. संस्कृतात त्याला बीजपूर पण म्हणतात, बियांनी भरलेलं, त्यावरूनच गुजराथी बिजोरा आणि हिंदी बिजौरा. बिया किती असतात ते पुढच्या वर्षी फळ कापल्यावर मी मोजल्या, 74 निघाल्या. मला वाटतं देवीच्या हातात हे फळ का, याचं उत्तर त्या बियांमध्येच आहे, एका फळात एवढी झाडं. हे माझं मत, शास्त्रात काय अर्थ लावलाय तो जाणकारांनी सांगावा.

2023 ला अकरा फळं आली, सगळ्यात मोठं एक किलो आठशे पन्नास ग्रॅमचं, आणि मग आजीचा पाक करायचा घाट घातला. आजी पित्त झालं की चमचाभर द्यायची, मामीला दिवस गेले तेव्हा उलट्या थांबेनात तर तिलाही तोच. आईला कृती अर्धवटच आठवत होती. पहिला पाक फसला. फोडी केल्या, दोनतारी घट्ट पाक केला आणि कच्च्या फोडी त्यात घातल्या. तासाभरात फोडी आक्रसून चामड्यासारख्या झाल्या, चावेनात. घट्ट पाक फोडीतलं पाणी भराभर ओढून घेतो आणि साखर आत शिरायच्या आधीच फोड आवळून जाते. दीड किलोचं फळ, आठ महिने झाडावर सांभाळलेलं, असं वाया गेलं तेव्हा खूप वाईट वाटलं. आई म्हणाली, "आजी चार दिवस करायची गं, एका दिवसात कधीच नाही." हे तिला त्या चामड्याच्या फोडी बघून आठवलं.

आता करते ते असं. फळ धुऊन पुसून वरची पिवळी साल सोलाण्यानं अगदी पातळ काढायची, सगळा वास त्यात आणि कडवटपणा पण त्यातच. सोलताना बारीक तुषार उडतात, हाताला तेल लागतं, दिवसभर वास जात नाही. फळ उभं चिरायचं, पांढरा गर दोन बोटं जाड असतो, घट्ट, कापसाच्या गादीसारखा, सुरी आत जाताना आवाज येतो. मधला आंबट भाग वेगळा, त्याचा जो काय चमचा-दोन चमचे रस निघेल तो ठेवायचा. गराच्या अर्ध्या इंचाच्या फोडी. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, ते पाणी फेकायचं, परत नवीन पाण्यात, टाचणी आरपार जाईपर्यंत आणि कडा काचेसारख्या दिसायला लागेपर्यंत.

मग किलोभर फोडींना किलोभर साखर, पण हप्त्यानं. पहिल्या दिवशी अर्धा किलो साखर आणि लिटरभर पाणी, पातळ पाक, त्यात फोडी घालून एक उकळी आणि झाकून रात्रभर. दुसऱ्या दिवशी फोडी बाहेर, पाकात पाव किलो साखर, उकळी, फोडी परत आत. तिसऱ्या दिवशी उरलेली पाव किलो आणि तो राखलेला आंबट रस, रसामुळे नंतर बरणीत साखर दाणेदार होत नाही. चौथ्या दिवशी फोडींसकट मंद आचेवर दीड तारेपर्यंत, शेवटी वेलची, केशर, आणि पिवळी साल अगदी चिमूटभर किसून. फोड उजेडात धरली तर पलीकडचं बोट दिसतं, अशी झाली की झालं. पहिली फोड आईला दिली. तिनं तोंडात ठेवली, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

लोणचं त्या मानानं सोपं, सालीसकट बारीक फोडी, आंबट गर, मीठ, हळद, आठ दिवस मुरवून मग तिखट, मेथी, हिंग आणि गूळ, महिनाभर हात लावायचा नाही. उरलेली पिवळी साल सावलीत वाळवून कापडी पुरचुंड्या करून साड्यांच्या कपाटात ठेवल्या. हे मला सुचलं ते ग्रीक थिओफ्रॅस्टसमुळे, त्यानं इसवी सनपूर्व चौथ्या शतकात लिहून ठेवलंय की मीडिया आणि पर्शियात हे फळ होतं, खात नाहीत पण कपड्यांत ठेवलं की कसर लागत नाही. याचं शास्त्रीय नाव सिट्रस मेडिका, त्यातलं मेडिका पण त्या मीडिया देशावरून, म्हणजे आजच्या इराणचा भाग, औषधावरून नव्हे. झाड मात्र मूळचं आपल्याच बाजूचं, हिमालयाच्या पायथ्याचं, ईशान्येकडचं. तिथून ते पश्चिमेला गेलं.

औषधाचं मला लोक फार विचारतात. चरकानं हृद्य म्हणजे हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांत मातुलुंग घेतलंय, आणि वाग्भटानं तर अष्टांगहृदयात साल, गर आणि आतलं केसर, म्हणजे मधला आंबट रसाचा भाग, या तिन्हीचे गुण वेगवेगळे सांगितलेत. एका फळाकडे इतकं बारकाईनं बघितलंय त्या लोकांनी, याचं मला कौतुक वाटतं. पण मी वैद्य नाही, मी पाक खाऊ म्हणून देते, औषध म्हणून वैद्यांना विचारूनच घ्या.

आजऱ्याच्या आजोबांना पाकाची बरणी पाठवली होती. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. झाड आहे, त्यांच्या मुलाला मी सांगून ठेवलंय आणि तो पण म्हणाला की बांधावरच राहू दे, तोडत नाही. माझ्या पाच झाडांवर बांधलेल्या गुट्यांतनं आतापर्यंत अठरा रोपं दिली, देताना पान वाकवून दाखवते आणि उंचावर लावायला सांगते, तरी दोघांनी सपाटीलाच लावली आणि गेली.

एक रोप कुडाळला नेलं. गाडी लावायची जागा आता पत्र्याची शेड झालीय, पण विहिरीच्या पलीकडे उताराला थोडी मोकळी जागा होती, तिथे मामेभावानं आणि मी मिळून वाफा घातला, चिऱ्याचे तुकडे कडेनं रचले. मामी लांबनं बघत होती, काट्यांचं झाड परत कशाला असं म्हणाली, पण पाणी मात्र रोज तीच घालते. परवा तिचा फोन आला, आवाजात काळजी. "गो, पालवी इली हा पण जांभळी इली हा, रोग पडलो काय?"

मी म्हटलं नाही मामी, ती तशीच येते.